रानपिंगळ्याचा वंश बदलला तो नेमका कशावरून? (डीएनए, वंशवृक्ष आणि नावांची फेरमांडणी)

तापीकाठ

रानपिंगळा हे छोटं घुबड काही याद्यांमध्ये हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी म्हणून सापडतं, काहींमध्ये अथेने ब्लेविटी म्हणून. पक्षी तोच, वंश वेगळा. हा बदल कसा ठरतो, त्यात काय चुकू शकतं आणि यादीतलं नाव बदलायला किती पुरावा पुरेसा धरायचा, यावर तपशिलात चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय.

आधी शब्दांचं ठरवून घेऊ. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हणत. हल्ली वर्तमानपत्रं स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. या धाग्यात स्पीशीज म्हणजे जाती, जीनस म्हणजे वंश आणि फॅमिली म्हणजे कुल असं धरूया, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून गोंधळ सुरू होईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिला नमुना ब्लेविट या संग्राहकांनी डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागातून मिळवला. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन करताना त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स हा स्वतंत्र वंशच उभा केला. कारणं दिसण्यातली होती: डोक्यावर जवळजवळ ठिपके नाहीत, डोकं आणि चोच दणकट, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याशेजारी, म्हणजे अथेने ब्रामाशेजारी ठेवला तर फरक डोळ्यात भरतो. हा फरक वंशाइतका मोठा आहे की नाही, हा वाद तेव्हापासूनचा. २०१८ मध्ये जनुकीय अभ्यास आला आणि त्याने रानपिंगळा अथेनेच्या आत बसतो असं दाखवलं.

माझा प्रश्न या 'आत' शब्दाबद्दल आहे. जवळ असणं आणि आत असणं यात फरक काय?

---

वंशवेल

सगळा निकाल या फरकावरच लागतो, म्हणून सावकाश लिहितो.

वंशवृक्षात रानपिंगळ्याची फांदी तीन ठिकाणी निघू शकली असती.

एक, ती अथेनेपासून लांब, उदाहरणार्थ ग्लॉसिडियम या छोट्या घुबडांच्या दुसऱ्या वंशाच्या बाजूला निघते. मग अथेने हे नाव त्याला लावताच येत नाही.

दोन, ती सगळ्या अथेने जातींच्या बाहेर पण लगेच शेजारी निघते. अशा वेळी डीएनए निकाल देत नाही. हेटेरोग्लॉक्स वेगळा ठेवला तरी दोन्ही गट एकमूळ (म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज एकत्र) राहतात, विलीन केला तरी एकच एकमूळ गट होतो. दोन्ही मांडण्या शास्त्राला धरूनच असतात, निवड माणसांची.

तीन, ती अथेने जातींच्या मधूनच निघते. म्हणजे काही अथेने जाती इतर अथेनेंपेक्षा रानपिंगळ्याला जास्त जवळच्या ठरतात. आता हेटेरोग्लॉक्स वेगळा ठेवला तर उरलेला अथेने हा अर्धवट गट होतो. एका आजीची सगळी नातवंडं एका आडनावाखाली घ्यायची आणि मधल्याच एका मुलाचं कुटुंब वगळायचं, तसं. ही मांडणी चालत नाही. 'आत बसतो' म्हणजे ही तिसरी स्थिती.

पण इथेही 'डीएनएने वंश एक असल्याचं सिद्ध केलं' हे वाक्य चुकीचंच आहे. तिसऱ्या स्थितीतही दोन वाटा उरतात. रानपिंगळा अथेनेत घ्या, किंवा अथेनेचे तुकडे करा: बिळात राहणाऱ्या अमेरिकन घुबडाला त्याचं जुनं स्पिओटिटो हे नाव परत द्या, इतरांना आणखी काही. पहिल्या वाटेने एकच नाव बदलतं, दुसरीने अनेक. म्हणून पहिली निवडली गेली, आणि माझ्या मते बरोबर निवडली गेली. डीएनएने दिला तो वृक्ष. रेघ कुठे मारायची हे माणसांनीच ठरवलं.

अथेनेत असं येणं नवंही नाही. मादागास्करचं पांढऱ्या भुवयांचं घुबड पूर्वी निनॉक्स या वंशात होतं, तेही जनुकीय पुराव्यावरूनच अथेने सुपरसिलियारिस झालं.

---

पिपेटवाली

वृक्ष काढण्याआधीच्या कामावर लिहिते, कारण बहुतेक चुका तिथेच होतात आणि वृक्षात त्या दिसत नाहीत.

परवानगी. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. संशोधनासाठी पकडायचा तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तिच्याआधी केंद्र सरकारची मान्यता. वेळापत्रक आखताना हे महिने पहिल्या ओळीत धरायचे.

नमुना. सर्वांत चांगलं रक्त, पंखाखालच्या शिरेतून. पक्ष्याच्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त कधीच काढायचं नाही. २०० ग्रॅमच्या पक्ष्याची ही मर्यादा साधारण २ मिलिलिटर होते. कामाला ५० मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे मर्यादेचा चाळिसावा भाग. इतकं कमी पुरतं कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आपल्यासारख्या त्या रिकाम्या नसतात. रक्त शुद्ध इथेनॉलमध्ये किंवा लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) ठेवायचं. इथेनॉल नमुन्याच्या निदान पाचपट हवं. कमी पडलं तर रक्ताची गुठळी आतून कुजते आणि बाहेरून ठीक दिसते. पीस घेतलं तर देठाचं टोक कापायचंच, पण देठ जिथे संपून पिसाचा पाता सुरू होतो तिथल्या छोट्या छिद्रातली वाळकी रक्ताची गाठ विसरायची नाही. अनेकदा टोकापेक्षा तिच्यातूनच जास्त डीएनए मिळतो.

जनुक. मायटोकाँड्रियातला सायटोक्रोम बी, पक्ष्यांत डीएनएच्या ११४३ अक्षरांचा. एनडी२, १०४१ अक्षरांचा. सोबत केंद्रकातले काही: आरएजी-१ सारखा जनुक किंवा बीटा-फायब्रिनोजेनचं एखादं इंट्रॉन (जनुकातला प्रथिन न बनवणारा भाग). फक्त मायटोकाँड्रियावर वंश बदलू नये, त्याचं कारण पुढे येईलच.

पीसीआर, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. २५ मायक्रोलिटरची अभिक्रिया, ३५ चक्रं, प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) चिकटण्याचं तापमान ५० ते ५५ अंशांपासून सुरू करून बघायचं, ७२ अंशांवर दर हजार अक्षरांना १ मिनिट. प्रत्येक फेरीत एक नळी डीएनएशिवाय. त्या नळीत पट्टा दिसला तर ती फेरी पूर्ण फेकायची. 'फिकट आहे, चालेल' असं म्हणायचं नाही. वाचन दोन्ही दिशांनी.

खरा सापळा. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीत कधीतरी केंद्रकात जाऊन बसलेले असतात. रक्तात केंद्रकीय डीएनए भरपूर आणि मायटोकाँड्रिया त्यामानाने कमी, त्यामुळे पक्ष्यांच्या रक्तातून हा खोटा तुकडा वाढवला जाण्याचा धोका स्नायूपेक्षा जास्त. तो सापडला नाही तर तुमचा पक्षी वृक्षावर भलतीकडे, बहुधा बुंध्याजवळ जाऊन बसतो आणि लोकांना तो 'प्राचीन वंश' वाटतो. ओळखायचं असं: क्रमाचं प्रथिनात भाषांतर करा, मध्येच थांबा-संकेत (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) आला तर संशय घ्या. आलेखात जागोजागी दुहेरी शिखरं दिसली तर संशय घ्या. एकमेकांवर चढणारे दोन तुकडे वेगवेगळ्या प्रायमरने वाढवा, सामायिक भाग अक्षरशः सारखा यायला हवा.

भाषांतर करताना पृष्ठवंशी मायटोकाँड्रियाची संकेतसूची निवडा. नेहमीची सूची लावली तर टीजीए हा थांबा-संकेत दिसतो आणि चांगला क्रम रद्द होतो, मायटोकाँड्रियात तो ट्रिप्टोफॅन असतो. उलट एजीए आणि एजीजी तिथे थांबे असतात. आणि एनडी३ वापरत असाल तर बऱ्याच पक्ष्यांत त्यात एक जादा अक्षर असतं आणि चौकट सरकल्यासारखी दिसते. ती चूक नसते, हाताने काढून 'दुरुस्त' करू नका.

---

जुनेटिपण

वरच्या यादीत एक पायरी वाढवतो: नमुना कुणाचा आणि कुठला, याची चिठ्ठी.

रानपिंगळ्याइतकं याचं ठळक उदाहरण नाही. १९९७ पर्यंत जगभरात या पक्ष्याचे सातच नमुने माहीत होते. त्यातल्या एकावर १९१४, मांडवी, गुजरात अशी चिठ्ठी होती आणि संग्राहक म्हणून माइनर्ट्झहागेन यांचं नाव. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं की तो नमुना डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो उचलून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. कातडं भरण्याची प्रत्येक संग्राहकाची ढब वेगळी असते आणि क्ष-किरणात जुन्या हाताच्या खुणा दिसल्या. म्हणजे या पक्ष्याची शेवटची खरी नोंद १८८४ ची होती. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी पुन्हा सापडला.

आता समजा त्या नमुन्याच्या पायाच्या गादीतून डीएनए काढला असता. क्रम रानपिंगळ्याचाच आला असता, अगदी निर्दोष. आणि आपण नकाशावर गुजरातेत एक ठिपका टाकून 'इथली आणि खानदेशातली लोकसंख्या जनुकीयदृष्ट्या एकच' असा निष्कर्ष छापला असता. चिठ्ठीतलं खोटं डीएनएने उघडं पडत नाही.

जुन्या कातड्यांबद्दल दोन गोष्टी. पायाच्या गादीचा साधारण २ मिलिमीटरचा तुकडा पुरतो, पण तो ताज्या नमुन्यांच्या प्रयोगशाळेत उघडायचाच नाही, वेगळी खोली लागते. आणि डीएनए तुटलेला असतो, म्हणून शे-दोनशे अक्षरांचे छोटे तुकडे जोडत जावं लागतं. टोकांना सीच्या जागी टी वाचला जातो, तो फरक उत्क्रांतीचा समजायचा नाही.

जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यातून घेतलेल्या क्रमांनाही हेच लागू. ज्या क्रमामागे संग्रहालयात साक्षी नमुना किंवा निदान फोटो नाही, त्यावर वंशाचा निर्णय टेकवू नये.

---

पाणवठा

सगळं वाचतोय. एक प्रश्न बऱ्याच पक्षीनिरीक्षकांच्या मनात असतो: किती टक्के फरक असला की जात वेगळी आणि किती असला की वंश वेगळा? २ टक्के हा आकडा सारखा कानावर येतो.

---

वंशवेल

@पाणवठा, असा आकडा नाही, आणि तो वापरला जातो तिथे मला भीती वाटते.

वंश ही पातळी मोजून मिळत नाही. वृक्षातला गट एकमूळ आहे का एवढंच मोजता येतं. जातीच्या पातळीवर टक्के इशारा म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही.

२ टक्क्यांचा उगम बहुतेक घड्याळात आहे. पक्ष्यांत सायटोक्रोम बी सरासरी दर दशलक्ष वर्षांना सुमारे २.१ टक्के वेगळा होत जातो, असं वापरतात. इथे एक चूक वारंवार होते, ती आकड्यांत सांगतो. हा २.१ टक्के दर दोन्ही फांद्या मिळून आहे. दोन जातींत ६.३ टक्के फरक असेल तर त्या ३० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पण वृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमला एका फांदीचा दर हवा असतो, म्हणजे ०.०१०५. तिथे ०.०२१ भरलं की तोच फाटा १५ लाख वर्षांपूर्वीचा दिसतो, आणि मग त्याला भलत्याच हिमयुगाशी जोडलं जातं.

वृक्षाचा भरवसा तपासताना मी हे बघतो:

प्रत्येक तीन अक्षरी संकेताचं तिसरं अक्षर वेगळ्या विभागात ठेवलंय का. ते झपाट्याने बदलतं आणि लांबच्या नात्यांत त्याच जागी पुन्हा पुन्हा बदलून खरी खूण पुसून टाकतं.

बूटस्ट्रॅप (माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तोच फाटा किती टक्के वेळा येतो ते बघणं) निदान १००० वेळा आणि महत्त्वाच्या फाट्यावर ७० च्या वर. बेझियन संभाव्यता (दुसऱ्या एका पद्धतीने काढलेली फाटा खरा असण्याची शक्यता) ०.९५ च्या वर. दोन्हींची तुलना आकड्याला आकडा अशी करायची नाही, दुसरी जात्याच जास्त येते. ०.९७ आणि बूटस्ट्रॅप ५२ असं दिसलं तर तो फाटा मी कच्चाच धरतो. बेझियन धावेत प्रत्येक घटकाचा परिणामी नमुना-आकार (खरोखर स्वतंत्र धरता येतील अशा नमुन्यांची संख्या) २०० च्या वर गेलाय का, हेही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पण सगळ्यात कमी केलं जाणारं: उलट कल्पनेची परीक्षा. रानपिंगळा अथेनेच्या बाहेरच राहील अशी सक्ती करून दुसरा वृक्ष काढायचा आणि तो मूळ वृक्षापेक्षा लक्षणीय वाईट ठरतो का, हे संख्याशास्त्रीय चाचणीने बघायचं. लक्षणीय वाईट नसेल तर 'आत बसतो' हा शब्द वापरू नये. तेव्हा तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीत फरकच करू शकलेला नसता.

जातींची निवडही पाहावी लागते. अथेनेच्या दोनच जाती घेऊन रानपिंगळा त्यांच्या आत आहे की बाहेर, हे कळणारच नाही. वंशातल्या शक्य तितक्या जाती, शेजारचे वंश आणि मुळासाठी बाहेरचा पक्षी, फार लांबचा नाही. फार लांबचा घेतला की लांब फांद्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि मूळ चुकीच्या जागी पडतं.

---

पिपेटवाली

केंद्रकीय जनुक का हवेत याचं उदाहरण राहिलं होतं. यलोहॅमर आणि पाइन बंटिंग हे दोन भारीट रंगाने आणि केंद्रकीय जनुकांनी सरळ वेगळे आहेत, पण त्यांचा मायटोकाँड्रिया जवळजवळ सारखा. कधीतरी संकर झाला आणि एकाचा मायटोकाँड्रिया दुसऱ्यात पसरला. फक्त सायटोक्रोम बी वाचणाऱ्याने त्यांना एकच जात म्हटलं असतं. मायटोकाँड्रिया आईकडून येतो आणि अखंड येतो. त्यात कितीही जनुक वाचले तरी साक्षीदार एकच.

---

नामावली

वृक्ष पक्का झाला तरी नाव आपोआप ठरत नाही. त्यासाठी प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे.

विलीन करताना जुनं नाव टिकतं. अथेने हे बोई यांचं १८२२ चं, हेटेरोग्लॉक्स १८७३ चं. त्यामुळे उलटं होण्याचा प्रश्नच नव्हता.

तोडताना मात्र प्रत्येक तुकड्यासाठी आधी जुनी नावं शोधावी लागतात. नाव ज्या जातीवर बेतलेलं आहे ती जात ज्या तुकड्यात पडेल, तिकडे नाव जातं. लायक जुनं नाव नसेल तरच नवं.

मग लिंग. जातिवाचक शब्द विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. हिमघुबड निक्टेया स्कॅंडियाका होतं, ब्यूबोत गेल्यावर ब्यूबो स्कॅंडियाकस झालं. उलट दिशेने आपल्याकडचं डस्की ईगल आऊल: ब्यूबो कोरोमांडस होतं, केटुपात गेलं आणि केटुपा कोरोमांडा झालं. ब्लेविटी हा शब्द मात्र 'ब्लेविटचा' अशी षष्ठी आहे, विशेषण नाही, म्हणून तो तसाच. कंसाचंही बघा: ह्यूमने ही जात दुसऱ्या वंशात वर्णिली होती, तेव्हा अथेने ब्लेविटी लिहिताना कर्त्याचं नाव आणि वर्ष कंसात येतं: (ह्यूम, १८७३). हेटेरोग्लॉक्ससोबत कंस नव्हता. अहवालांत हा कंस हमखास चुकतो.

---

पाणवठा

मग महाराष्ट्रातल्या याद्यांत आणखी दोन-तीन ठिकाणी हेच झालंय, ते जोडतो.

मराठा सुतार. लॅथम यांनी १८०१ मध्ये दिलेलं माहराटेन्सिस हे नाव मराठी मुलखावरून आलं. कितीतरी वर्षं तो डेंड्रोकोपॉसमध्ये होता. २०१५ मध्ये अनेक जनुकांवरून कबऱ्या सुतारांची फेरमांडणी झाली आणि तो लिओपिकस माहराटेन्सिस झाला. लिओपिकस हे बोनापार्त यांचं १८५४ चं नाव, म्हणजे 'लायक जुनं नाव होतं' याचं उदाहरण.

सातभाई. टर्डॉइडिस हा मोठा वंश २०१८ च्या फेरमांडणीत तुटला. टर्डॉइडिस हे नाव मुख्यतः आफ्रिकेतल्या गटाकडे राहिलं आणि आपले जंगली सातभाई, मोठे सातभाई आर्ग्यात गेले: आर्ग्या स्ट्रिआटा, आर्ग्या माल्कमी. गोव्यापासून दक्षिणेला घाटात दिसणारा वायनाड लाफिंगथ्रशही त्याच कामात गॅर्युलॅक्समधून टेरोऱ्हायनसमध्ये गेला.

---

वंशवेल

आणि 'लायक नाव नव्हतं' याचं उदाहरण दक्षिण घाटात. शोला जंगलांतले निळे रॉबिन ब्रॅकिप्टेरिक्स, मग मायोमेला असे हिंडले. जनुकांनी दाखवलं की ते माशीमारांच्या कुलातली स्वतंत्र फांदी आहेत, आणि २०१७ मध्ये त्यांना शोलिकोला हा नवा वंश मिळाला. त्यांचं रोजचं नाव शोलाकिळी. किळी म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. त्याच कामात तिथल्या लाफिंगथ्रशना मॉन्टेसिंक्ला हा वंश मिळाला. त्या शोधनिबंधात मला आवडतं ते हे की फाटे भूगोलाशी ताडून पाहिले आहेत. पालक्काड खिंडीच्या आणि शेनकोट्टा खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी वेगळ्या फांद्यांवर पडतात. जनुक, मापं, रंग आणि खिंड असे चारही पुरावे एकाच बाजूला बोलतात, तेव्हा एखाद्या फाट्याचा बूटस्ट्रॅप थोडा कमी असला तरी मला त्रास होत नाही.

---

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, 'आत'चा अर्थ लागला. एक खरी काळजी उरते. एकजातीय वंश म्हणून रानपिंगळ्याला वेगळं वजन होतं. आता तो अथेनेतली एक जात. संरक्षणाच्या प्रस्तावांत हा बदल त्याच्या विरोधात वापरला जाणार नाही ना?

---

जुनेटिपण

कायद्याची अनुसूची वंशाच्या नावावर चालत नाही, त्यामुळे तिथे धक्का नाही. २०१८ मध्येच तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला, पण त्याचा वंशबदलाशी संबंध नाही. मेळघाट, मध्य प्रदेश, तानसा, डांग असे नवे ठावठिकाणे मिळत गेले म्हणून तो बदल झाला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्याने बातम्यांत त्या जोडल्या जातात.

प्रस्तावात 'एकजातीय वंश' हे वाक्य असेल तर ते काढाच. त्याऐवजी फांदीची लांबी लिहा. रानपिंगळा बाकीच्या अथेनेंपासून केव्हा वेगळा झाला हे वृक्षात आहे, आणि वरचं लेबल बदलल्याने ती लांबी कमी होत नाही. हा मुद्दा जुन्या मुद्द्यापेक्षा मजबूत आहे, कारण पुढच्या यादीत कुणी वंश बदलला तरी तो टिकतो.

---

नामावली

नोंदी ठेवणाऱ्यांसाठी. २०२५ मध्ये अॅव्हीलिस्ट ही एकत्रित जागतिक यादी आली, ११,१३१ जातींची. त्यामुळे याद्यांमधली तफावत पुढे कमी होईल. तोवर प्रत्येक अहवालात कोणत्या यादीची कोणती आवृत्ती वापरली, हे पहिल्या पानावर लिहा. स्प्रेडशीटमध्ये जुनं नाव पुसून नवं भरू नका. नोंदीच्या वेळचं नाव एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात. विलीनीकरणात हे सोपं आहे, हेटेरोग्लॉक्स दिसला की अथेने. पण जात तुटली असेल तर जुन्या नोंदीचं नवं नाव ठिकाणावरूनच ठरतं, आणि ठिकाणाचा रकाना 'सातपुडा' एवढाच भरलेला असेल तर ती नोंद कुठल्याच बाजूला टाकता येत नाही. गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश आजच भरा.